स्पेनच्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात राहून स्पॅनिश शिकायचंय? आधी गावाची भाषा बघा

समजा, एखादी परदेशी मुलगी मराठी शिकायची म्हणून मावळात आली आणि तिनं लोणावळ्यात खोली घेतली. चिक्कीच्या दुकानात तिच्याशी इंग्रजीत बोलतील, रिक्षावाला हिंदीत भाडं सांगेल, हॉटेलात न बोलता मेनू कार्ड पुढे येईल. महिन्याभरानं तिला 'किती झाले?' एवढं विचारता येईल आणि तेही उत्तर हिंदीत मिळेल.

तीच मुलगी लोकलनं चौथ्या स्टेशनावर, वडगावला राहिली तर? भाजीवालीशी मराठीच बोलावं लागेल. घरमालकीण 'जेवलीस का?' हे रोज विचारणार आणि उत्तराची वाट बघत उभी राहणार. पोटोबाच्या देवळापाशी बसलेली माणसं तिच्याबद्दल तिच्यासमोरच मराठीत बोलणार. चार दिवसांत तिला कळायला लागेल की हे आपल्याबद्दल चाललंय.

स्पॅनिश शिकायला स्पेनला जाणाऱ्यांचं गणितही असंच आहे. बार्सिलोना किंवा माद्रिदमध्ये तुमची पहिली चूक होताच समोरचा इंग्रजी सुरू करतो. त्यामुळे 'समुद्रकाठचं छोटं, जुन्या वळणाचं गाव निवडा' असा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा माहीत नसेल तर महिन्याची रजा आणि साठवलेले पैसे दोन्ही खर्ची पडतात आणि हाती फारसं काही लागत नाही.

गाव नेमकं काय शिकवतं?

परक्या गावात राहून भाषा शिकण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण समुद्रकाठचंच आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्यानं मुख्यतः साष्टीत, म्हणजे आजच्या मडगाव-राशोल परिसरात काढली. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी वाटते असं नोंदवलंय. युरोपातल्या विद्वानांनी हे नातं पद्धतशीर मांडलं ते त्यानंतर दोनशे वर्षांनी. १६१६ मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' राशोलला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या आणि त्या मराठीत! कोकणीचं त्यानं लिहिलेलं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापलं गेलं.

अलीकडचं उदाहरण फलटणचं. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन १९६० च्या दशकात संशोधनासाठी फलटणला आल्या आणि तिथंच स्थायिक झाल्या. फलटणमधल्या वेगवेगळ्या लोकांच्या बोलण्यातला फरक हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तकं तयार केली.

दोघांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. ते गावात पाहुणे म्हणून राहिले नाहीत, त्यांचं तिथं काही काम होतं. छोट्या गावात भाषा येते ती कामातून. आणि आणखी एका गोष्टीतून, जिच्याबद्दल कोर्सच्या जाहिरातीत कुणी लिहीत नाही. ती म्हणजे आपल्याशी कुणी बोलत नसताना कानावर पडणारं बोलणं. वर्गात शिक्षक तुमच्यासाठी सावकाश बोलतात. बेकरीच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या दोन बायका मात्र तुमच्यासाठी थांबत नाहीत. गावाची खरी किंमत त्या रांगेत आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी अडचण इथूनच सुरू होते.

समुद्रकाठचं गाव, पण घरात बोलतात काय?

आधी आपल्याकडचं बघू. रेवदंड्याच्या समोर, कुंडलिका खाडीच्या पलीकडे कोर्लई आहे. एखाद्यानं 'मराठी शिकायला कोकणातलं छोटं गाव' म्हणून नकाशावर बोट ठेवलं आणि ते कोर्लईवर पडलं, तर तिथल्या ख्रिश्चन वस्तीत त्याच्या कानावर मराठी पडणारच नाही. तिथं घराघरात जी भाषा बोलतात तिला ते लोक 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. ती पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झाली आहे. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठी, म्हणजे क्रियापद शेवटी. चौलचा परिसर १७४० मध्ये मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज निघून गेले, पण ही भाषा राहिली. बोलणारे आज हजाराच्या आसपास. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. कोर्लईकरांना मराठी उत्तम येते आणि तुमच्याशी ते मराठीतच बोलतील. पण रांगेतल्या दोन बायका आपसात मराठी बोलणार नाहीत.

(कोर्लईला जाणार असाल तर जरूर जा, किल्ला सुंदर आहे. फक्त मोबाइल पुढे धरून 'तुमची भाषा बोलून दाखवा' असं कुणाला म्हणू नका. लोक तिथं राहतात, ते काही प्रदर्शन नाही.)

आता हेच चित्र स्पेनच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात आहे. ज्याला आपण स्पॅनिश म्हणतो तिला स्पेनमध्ये 'कास्तेयानो' असंही म्हणतात. १९७८ च्या राज्यघटनेनुसार ती देशाची अधिकृत भाषा आहे. पण काही प्रांतांत तिच्या जोडीला दुसरी अधिकृत भाषा आहे आणि यातले बरेच प्रांत नेमके समुद्रकाठचे आहेत.

ईशान्येला, फ्रान्सच्या सीमेजवळ कादाकेस नावाचं पांढऱ्या घरांचं गाव आहे. चित्रकार साल्वादोर दालीचं घर तिथून जवळच, पोर्त लिगातला. इन्स्टाग्रामवर दिसणारं 'स्पेनचं मासेमारीचं गाव' पुष्कळदा हेच असतं. तिथं सकाळी 'बुएनोस दीयास' ऐवजी 'बोन दिया' ऐकू येतं, कारण गाव कातालान बोलतं. व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर आणि मायोर्का, मेनोर्का या बेटांवर याच भाषेची रूपं चालतात. वायव्येला गालिसियात गालिसियन चालते. ती पोर्तुगीजच्या जवळची आहे. उत्तरेला बास्क प्रदेशातल्या कोळीवाड्यांत 'एगुन ओन' म्हणतात. बास्कचं तर जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं सापडलेलं नाही.

या सगळ्या ठिकाणी लोकांना स्पॅनिश येते आणि ते तुमच्याशी ती आनंदानं बोलतील. म्हणून तिथं शिकणं अशक्य आहे असं नाही. पण ज्या फुकटच्या ऐकण्यासाठी आपण मोठं शहर सोडून गावात आलो, ते ऐकणं दुसऱ्याच भाषेचं असतं.

मग जायचं कुठं? भाषेच्या हिशेबानं उत्तर किनाऱ्यावरचा कांताब्रिया हा प्रांत चांगला. तिथं कोमियास नावाचं दोनेक हजार वस्तीचं गाव आहे, जुन्या विद्यापीठाच्या आवारात स्पॅनिश भाषेच्या अभ्यासाचं केंद्रही आहे. गावात गौदीनं बांधलेलं 'एल काप्रिचो' हे घर आहे. बाराही महिने पाऊस आणि हिरवे डोंगर, त्यामुळे मावळातल्या माणसाला हवा फार परकी वाटणार नाही. पूर्वेकडे मुर्सिया प्रांतातलं आगिलास हे बंदर आहे, तिथंही दुसरी अधिकृत भाषा नाही.

दक्षिणेला आंदालुसियात, कादिसच्या किनाऱ्यावर कोनिलसारखी गावं आहेत. माणसं गप्पिष्ट, भाषा स्पॅनिशच. पण तिथले लोक शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात. पुस्तकातलं 'मास ओ मेनोस' म्हणजे 'कमी-जास्त', ते तिथं 'मा ओ मेनो' होतं. मासळीला पुस्तकात 'पेस्कादो', बाजारात 'पेहकाओ'. पुस्तकी मराठी शिकून थेट मालवणात उतरल्यासारखं होतं ते. पहिला आठवडा जड जातो, पण जमलं की मग कुठलीही स्पॅनिश सोपी वाटते. नेर्खासारख्या ब्रिटिश पर्यटकांनी भरलेल्या गावांत मात्र पुन्हा लोणावळ्याचाच प्रकार.

मराठी येत असेल तर निम्मं काम झालेलं असतं

स्पॅनिशची बहुतेक पुस्तकं इंग्रजी माणसासाठी लिहिलेली असतात. त्यामुळे जे त्याला अवघड ते आपल्यालाही अवघड असं आपण धरून चालतो. तसं नाही.

इंग्रजी बोलणारा ज्या वाक्यावर आठवडाभर अडतो ते आपल्याला जन्मापासून येतं. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. यात 'मे' म्हणजे 'मला'. कर्ता कॉफी, आवडणं तिचं, आपण नुसते 'मला'! वस्तू अनेक झाल्या की क्रियापद बदलतं. 'मे गुस्तान लोस मांगोस', म्हणजे 'मला आंबे आवडतात'. हे वाक्य इंग्रजीतून समजून घ्यायला गेलात तर उलटं वाटेल, मराठीतून गेलात तर सरळ आहे.

आपण 'घरी जातो' म्हणतो, 'मी' म्हणायची गरज पडत नाही. स्पॅनिशमध्येही 'बोय आ कासा' पुरतं, क्रियापदावरून माणूस कळतो. नामांना लिंग असतं याचाही आपल्याला धक्का बसत नाही. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोनच. तू आणि तुम्हीचा भेदही आहे, 'तू' आणि 'उस्तेद'. गंमत म्हणजे 'तू' अगदी तसंच. स्पेनमध्ये हल्ली अनोळखी माणसालाही पटकन 'तू' म्हणतात, पण छोट्या गावातल्या आजीबाईंना 'उस्तेद'च म्हणावं. त्यांनी हसून 'तू म्हण' सांगितलं की मग बदलावं.

उच्चारातही फायदा आहे. स्पॅनिशचे 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दाताला जीभ लावून होतात. 'टोमाटे' नव्हे, 'तोमाते'.

शिवाय मराठीत पोर्तुगीजांमार्फत आलेले शब्द आहेत आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. आपला पाव तिथं 'पान', चावी 'यावे', सपाता 'सापातोस', साबण 'खाबोन', आणि बालदी तर 'बाल्दे'च. 'पागार' म्हणजे पैसे देणं, त्यावरून पगार लक्षात राहतो.

पण या नात्यावर फार विसंबू नका. 'बाताता' मागितलात तर रताळं मिळेल, बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता' म्हणतात. 'पेरा' म्हणजे पेरू नव्हे, नासपती. अननसाला 'पिन्या', काजूला 'आनाकार्दो'. बंदरावरचा मासळीचा लिलाव बघायला जाल तर तिथं 'लिलाव' हा पोर्तुगीज शब्द कामाचा नाही, 'सुबास्ता' विचारा. पण जरूर जा. हर्णैचा लिलाव पाहिलेल्याला मजा येईल, कारण तिकडे पुष्कळ बंदरांवर भाव वरून खाली उतरत येतो आणि जो आधी थांबवेल त्याचा माल.

अवघड काय? 'आहे' साठी दोन क्रियापदं, 'सेर' आणि 'एस्तार'. 'एस आबुर्रीदो' म्हणजे तो कंटाळवाणा माणूस आहे. 'एस्ता आबुर्रीदो' म्हणजे तो कंटाळलाय. घरमालकाबद्दल बोलताना ही चूक महागात पडू शकते. दुसरं, थरथरणारा 'र्र'. 'पेरो' म्हणजे 'पण', 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. आणि तिसरं म्हणजे इच्छा, शंका, भीती व्यक्त करताना बदलणारी क्रियापदाची रूपं. ती मात्र घोकावीच लागतात.

चार आठवडे म्हणजे किती?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी येणाऱ्या माणसाला कामापुरती पक्की स्पॅनिश यायला वर्गाचे साधारण ६०० ते ७५० तास लागतात, असा त्यांचा अनुभव. आता तुमचा हिशेब करा. आठवड्याला २० तास वर्ग, चार आठवडे, म्हणजे ८० तास. एकूण गरजेच्या दहा ते तेरा टक्के.

म्हणूनच शून्यापासून सुरुवात करायला स्पेनला जाऊ नका. 'हे काय आहे', 'मी भारतातून आले', एक ते शंभर आकडे, हे सगळं वडगावात बसून होतं आणि त्यासाठी युरो मोजावे लागत नाहीत. गाव उपयोगी पडतं ते थोडं कळायला लागल्यावर. कानावर पडलेल्यातलं काहीच कळत नसेल तर तो नुसता आवाज असतो.

भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत असतात. ए२ पूर्ण करून गेलात तर महिन्याचा खरा फायदा होतो, असं माझं मत. त्यासाठी पुण्यात वर्ग आहेत. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. लोकलनं शिवाजीनगरला उतरून तिथं पोहोचता येतं. प्रवेशाच्या तारखा मात्र आधी बघून ठेवा. स्पेन सरकारच्या इन्स्टितुतो सेर्वांतेसचं भारतातलं केंद्र दिल्लीत आहे. त्यांचे ऑनलाइन वर्गही असतात. कान तयार करायला यूट्यूबवर 'ड्रीमिंग स्पॅनिश' हे चॅनल चांगलं. चित्रं काढत, हातवारे करत सावकाश बोलतात, भाषांतर अजिबात नाही. लोकलमधला तास त्यात घालवा.

प्रमाणपत्र हवं असेल तर दोन परीक्षा आहेत. सेर्वांतेसची 'देले' एकदा उत्तीर्ण झालात की कायमची. 'सिएले' संगणकावर होते, पण तिच्या निकालाला मुदत असते. चाकणच्या पट्ट्यात गेस्टॅम्प, सीआयई अशा मूळच्या स्पॅनिश कंपन्या आहेत, त्यामुळे भाषेचा नोकरीत उपयोग होऊ शकतो. पण नुसत्या ए२ वर कुणी नोकरी देत नाही, हेही खरं.

राहायचं कुणाच्या घरी, खायचं काय

गावात जाऊनही हॉटेलात किंवा इतर विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये राहिलात तर संध्याकाळ इंग्रजीत जाते. दुसरा भारतीय भेटला तर हिंदीत, आणि पुणेकर भेटला तर संपलंच. शाळेला स्थानिक कुटुंबात सोय करायला सांगा. बऱ्याच शाळा करतात. शाळा निवडताना सेर्वांतेसची मान्यता आहे का, हे बघा.

जेवणाच्या वेळा आपल्याला विचित्र वाटतील. दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर. दुपारी दुकानं बंद असतात. पुण्याची सवय असलेल्यांना याचं काही वाटणार नाही.

शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने', म्हणजे 'मांसाशिवाय', एवढं पुरत नाही. त्यावर ट्यूना मासा किंवा हॅमचे तुकडे घातलेलं सॅलड येऊ शकतं. त्यांच्या लेखी ते 'मांस' नव्हे. पूर्ण यादी म्हणा: 'नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन'. म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, हॅमही नाही. टोमॅटो चोळलेला पाव, गास्पाचो हे टोमॅटोचं गार सार, आंदालुसियात पालक आणि छोल्यांची भाजी, एवढं सहज मिळतं. 'तोर्तिया' म्हणजे स्पेनमध्ये बटाट्याचं जाड ऑम्लेट, त्यात अंडी असतात. मेक्सिकोत त्याच शब्दाचा अर्थ भाकरी.

घरच्यांसाठी लोणावळ्याची चिक्की न्या. स्पेनमध्ये बदामाची अशीच एक चिक्की असते, तिला 'गिर्लाचे' म्हणतात. पहिल्या संध्याकाळी बोलायला विषय मिळतो.

आणि रोज त्याच बेकरीत, त्याच वेळेला जा. तिसऱ्या दिवशी तुम्हाला ओळखतील, सातव्या दिवशी काल का आला नाहीत विचारतील. तीन वाक्यं तयार ठेवा. 'कोमो से यामा एस्तो?' (याला काय म्हणतात?), 'मास देस्पासियो' (जरा सावकाश) आणि 'ओत्रा बेस, पोर फाबोर' (पुन्हा एकदा सांगा). समोरच्यानं इंग्रजी सुरू केलं तरी तुम्ही स्पॅनिश सोडू नका. दोन वाक्यांनंतर तोही परत येतो.

कधी जायचं आणि कागदपत्रं

ऑगस्ट टाळा. अख्खा स्पेन तेव्हा समुद्रावर असतो. घरभाडी चढतात, गावातली माणसं कामात बुडालेली असतात आणि आजूबाजूला सगळे पाहुणेच. मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा. भर हिवाळ्यात काही गावं इतकी शांत होतात की बोलायला माणूस शोधावा लागतो.

९० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी शेंगेन व्हिसा लागतो. १८० दिवसांच्या काळात एकूण ९० दिवस, असा नियम आहे. त्याहून जास्त शिकायचं असेल तर विद्यार्थी व्हिसा. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. शाळेचं प्रवेशपत्र आणि राहण्याच्या घराचा पुरावा सोबत जोडायचा असतो. व्हिसा हातात येईपर्यंत शाळेची फी पूर्ण भरू नका. आणि भरण्याआधी, व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत मिळतील हे लेखी मागून घ्या.

त्याच ईमेलमध्ये आणखी एक प्रश्न विचारा: 'ज्या कुटुंबात मला ठेवणार आहात, ते घरात आपसात कोणती भाषा बोलतात?'